काळ्या शिंप्याचा चेहरा

दॉन एवोदियोंशी माझी ओळख होण्याआधीच मला त्यांची भीती वाटायला लागली होती. मी एकटीच नव्हे, ओब्रेरा वस्तीतली माझ्या वयाची झाडून सगळी पोरं त्यांना घाबरायची.

माझे वडील सिल्वेरियो कोपऱ्यावर चित्रकथा भाड्याने द्यायचे. दोन खांबांना ताणून बांधलेली तार, तारेवर चिमट्यांनी लावलेले अंक आणि खाली दोन बाकडी. नाणं द्यायचं, बाकड्यावर बसून अंक वाचायचा आणि परत करायचा. वाचता न येणारी माणसंही यायची. ती चित्रं बघायची आणि शेजारच्याला कोपर मारून विचारायची, "आता काय म्हणाला तो?" सोमवारी नवे अंक यायचे, आणि त्यात सगळ्यांत आधी उचलला जायचा तो काळ्या शिंप्याचा.

त्या मालिकेत एक मुखवटा घातलेला नायकही होता. त्याचं नाव आज वस्तीत विचारलंत तर चौघं चार नावं सांगतील. शिंप्याला मात्र कोणी विसरलेलं नाही. त्याच्या गळ्यात मापाची फीत असायची. ज्याला मारायचं असेल त्याच्या दाराखालून तो फितीचा एक तुकडा आत सरकवायचा. चिठ्ठी नाही, धमकी नाही. तुझं माप घेतलंय, एवढाच निरोप. तो माणसं का मारतो हे कधी कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. चेहरा बघितला की सगळं कळायचं. एक डोळा सताड उघडा, कधीच न मिटणारा, तर दुसरा बारीक. तोंड डाव्या कानाकडे ओढलेलं, त्यामुळे तो चिडला तरी हसल्यासारखा वाटायचा. आणि हनुवटी ही एवढी लांब.

शहरातल्या बाकीच्या पोरांना हा चेहरा कागदावर बघायला मिळायचा. आम्हाला तो रोज सकाळी दॉन बाउदेलियोंच्या बेकरीत दिसायचा, पांढऱ्या एप्रनच्या वर, भट्टीतून काढलेला गरम पाव टोपलीत ओतताना.

झालं होतं असं. बेकरीच्या मागच्या गल्लीत एका छापखान्याच्या माडीवर चित्रकथावाल्यांची कचेरी होती. तिथला उबाल्दो किरार्ते नावाचा चित्रकार सकाळी पाव घ्यायला यायचा. बोटांना शाई, ओठांत विझलेली सिगरेट. पाव घेऊन झाला तरी त्याचा पाय निघायचा नाही. दॉन एवोदियो तेव्हा तरुण होते, अबोल होते. त्यांना वाटायचं, बिचाऱ्याला भट्टीची ऊब आवडत असेल. एकदा तर त्यांनी त्याला आत बोलावून स्टूल दिलं.

"बसा मास्तर, बाहेर गारठा आहे."

मास्तर बसला आणि पावाच्या कागदावर काहीबाही खरडत राहिला. निघताना "तुमचे उपकार झाले" असंही म्हणाला.

मालिकेचा पहिला अंक आला त्या दिवशी बेकरीच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "अगंबाई, दॉन एवोदियो, तुम्ही तर प्रसिद्ध झालात!" लोक हसले. दॉन एवोदियोंना काही समजलं नाही, तेही हसले. दुपारी काम आटोपून ते आमच्या ठेल्यावर आले. पुढचं माझे वडील सांगायचे, आणि सांगताना दर वेळी त्यांचा आवाज खाली यायचा.

"सिल्वेरियो, तो अंक दाखव."

"त्यात काही नाही हो. पोरांचं आहे ते."

"दाखव."

त्यांनी उभ्या उभ्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अंक बघितला आणि तारेवर होता तसा लावून ठेवला. मग खिशातून वाचण्याचं नाणं काढून फळीवर ठेवलं. वडील म्हणाले, "राहू द्या, तुमच्याकडून काय घ्यायचं!" त्यांनी नाणं परत उचललं नाही. नुसतं विचारलं, "त्याला कसं कळलं असेल?"

"काय कसं कळलं?"

"काही नाही," म्हणाले आणि गेले.

वडिलांना त्याचा अर्थ लागला नाही. मलाही लागला नव्हता. खूप वर्षांनी दॉन एवोदियोंची बायको लेओकादिया हिने मला उलगडून सांगितलं. दुसरा कोणी असता तर लाटणं घेऊन ती माडी चढला असता. दॉन एवोदियोंना राग आलाच नाही, त्यांना लाज वाटली. त्यांच्या मनाने घेतलं की चित्रकाराची नजर तयारीची असते, साध्या माणसाला दिसत नाही ते त्याला दिसतं. आपल्या आत काहीतरी वाईट असलंच पाहिजे, नाहीतर एवढ्या मोठ्या शहरात त्याने आपल्यालाच का उचलावं? मग ते स्वतःत खोदत बसले. लहानपणी आईच्या सांगण्यावरून मांजरीची पिल्लं पाण्यात बुडवली होती. थोरल्या भावाला नवे बूट आले तेव्हा ते हरवावेत असं वाटलं होतं. मालक जिन्यावरून पडला तेव्हा क्षणभर बरं वाटलं होतं. कोणाच्याही आयुष्यात सापडतील असल्या गोष्टी. त्यांनी त्या एकीला एक जोडल्या आणि त्यातून अख्खा शिंपी उभा केला.

"मी त्याला म्हटलं, अरे, मग मी तर मोठीच हडळ आहे," लेओकादिया मला सांगत होती. "तर म्हणतो कसा, तुझं चित्र कोणी काढलं नाही ना."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मालकाला सांगितलं, मला गल्ल्यावर नको, आत भट्टीवर पाठवा. मालक तयार होईना.

"अरे बाबा, गिऱ्हाईक तुला बघायला येतंय! कधी नव्हे ती रांग लागते आहे."

"म्हणून तर म्हणतोय," दॉन एवोदियो म्हणाले.

शेवटी मालकाने त्यांना आत पाठवलं, पण सुटका झाली नाही. घरी जाताना रस्ता आमच्या ठेल्यावरूनच होता. आम्ही पोरं भिंतीआड दबा धरून बसायचो आणि ते पुढे गेले की मागून ओरडायचो, "शिंपीदादा, माझं माप घ्या!" त्यांनी कधी मागे वळून बघितलं नाही. वळलो तर पोरं घाबरतील, असं त्यांना वाटायचं. आम्हाला वाटायचं, वळत नाही म्हणजे नक्कीच काहीतरी कट शिजतोय.

त्यांची मुलगी आम्पारो शाळेत माझ्याच वर्गात होती. लांब वेण्या, गणितात हुशार. तिला कोणी उघड चिडवलं नाही, कारण तिचा हात जड होता. पण तिच्या दप्तरात फितीचे तुकडे सापडायचे. वर्षअखेरीच्या कार्यक्रमात तिचा नाच होता. तेव्हा तिने बापाला सांगितलं, "पापा, तुम्ही नका येऊ. आई येईल." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. "बरं," एवढंच म्हणाले. कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात आम्ही फुलपाखरं होऊन गोल गोल फिरत होतो, आणि कुंपणापलीकडे रसाच्या गाडीमागे, टोपी भुवयांपर्यंत ओढून, ते उभे होते. मला दिसले. आम्पारोलाही दिसले. तिची पावलं चुकली, मग तिने तोंड फिरवलं आणि शेवटपर्यंत पाठ तिकडेच ठेवली.

त्यानंतर काही दिवसांनी ते कचेरीत गेले. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, म्हातारपणी. टोपलीभर गरम कोंचा, म्हणजे साखरेचा थर दिलेले गोड पाव, घेऊन जिना चढले होते. रिकाम्या हाताने कोणाकडे काही मागायला जाणं बरं दिसत नाही म्हणून. किरार्ते त्यांना बघून खुर्चीवरून उठलाच.

"या, या! पोरांनो, बघा कोण आलंय! हा माणूस नसता तर आपण सगळे उपाशी मेलो असतो."

सगळे जमले. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी कोंचा उचलला. दॉन एवोदियो म्हणाले, "मास्तर, एक मागायचं होतं. त्याला मारून टाका."

"कोणाला?"

"शिंप्याला."

किरार्ते मोठ्याने हसला. "तीनदा मारलाय मी त्याला, दॉन एवोदियो! एकदा जाळला, एकदा बुडवला, एकदा पुलावरून ढकलला. लोक मरू देत नाहीत. नायकाला मारलं तर चालेल, त्याला मारलं तर अंक बंद पडेल." मग गंभीर होऊन म्हणाला, "तुम्हाला ठाऊक आहे का, असा चेहरा शंभर वर्षांत एकदा मिळतो." त्याच्या मनात खोट नव्हती. खरंच मोठी गोष्ट बोलतोय असंच त्याला वाटत होतं. त्याने एका अंकावर झोकदार सही करून तो त्यांच्या हातात दिला.

"आणि मी काय केलं असेल, कुका?" दॉन एवोदियोंनी मला विचारलं होतं. "मी त्याला थँक्यू म्हटलं. जिना उतरून खाली आलो तेव्हा लक्षात आलं. थँक्यू म्हटलं मी त्याला!"

मालिका पुष्कळ वर्षं चालली. मग टीव्ही आला, लोकांनी चित्रकथा सोडल्या, कचेरीला टाळं लागलं, किरार्ते वारला. बेकरी बाउदेलियोंच्या पोरांनी विकली. आम्पारो शिकून मास्तरीण झाली आणि लग्न करून तोलुकाला गेली. ती सणाला यायची. बापाशी चांगलं वागायची, जरा जास्तच चांगलं. लेओकादिया गेली. माझे वडीलही गेले आणि ठेला माझ्याकडे आला. आता भाड्याने कोण घेतंय? मी जुने अंक विकते, त्याच्या जोडीला पाकिटं, चार्जर, गोळ्या. बाकडी तेवढी तशीच ठेवली.

एकटे पडल्यावर दॉन एवोदियो रोज सकाळी येऊन त्या बाकड्यावर बसायला लागले. आता घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळे म्हातारे थोडेफार वाकडेच असतात. नवी पोरं त्यांना ओळखतही नव्हती. कॉफी प्यायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचे. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला जरा उसंत मिळाली होती.

आणि मग काळा शिंपी परत आला.

एका नव्या प्रकाशनाने जुन्या मालिकेचे हक्क घेतले आणि रंगीत, गुळगुळीत कागदावर ती नव्याने सुरू केली. स्यान्या रोब्लेदो नावाची तिशीतली मुलगी ती काढायची. मी गठ्ठा सोडला, पहिला अंक तारेवर लावला आणि धास्तीने दॉन एवोदियोंकडे बघितलं. पण मुखपृष्ठावर त्यांचा चेहरा नव्हताच. तिथे एक देखणा, दुःखी तरुण होता. दोन्ही डोळे धड, तोंड सरळ. गळ्यात फीत तेवढी होती. ती त्याच्या आईची होती. ही आई आमच्याच वस्तीत, शिलाईच्या कारखान्यात काम करायची. आमच्या शहरात खरोखरच झाला त्या मोठ्या भूकंपाच्या वेळी मालकाने दाराला बाहेरून कुलूप घातलेलं होतं. पोरगा ढिगाऱ्याबाहेर उभा राहून तीन दिवस हाका मारत राहिला. मोठा होऊन तो तसल्या मालकांची मापं घेत फिरतो, अशी कथा.

अंक आला आणि आमच्या बाकड्यांवर रोजची भांडणं सुरू झाली. एका बाजूला फेर्मिन, वायरमन, आता रिटायर, शिंप्याचा एकही अंक न चुकवलेला. दुसऱ्या बाजूला नायेली, समोरच्या इमारतीतली कॉलेजची पोरगी.

"हा कसला खलनायक?" फेर्मिन म्हणायचा. "त्या मालकांना तर मीच मारलं असतं! माझी मावशी होती त्या ढिगाऱ्यात. ज्याची बाजू घ्यावीशी वाटते तो खलनायक नव्हे, पोरी. जुना शिंपी बघितला की पोटात गोळा यायचा. का मारतो, कोणास ठाऊक! म्हणून तर भीती."

"का मारतो हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं, काका," नायेली म्हणायची. "तुमच्या खलनायकाकडे होतं काय? एक वाकडं थोबाड. तोंड वाकडं म्हणजे माणूस वाईट, संपली गोष्ट. याला तुम्ही खलनायक म्हणता? ही तर निव्वळ आळशीगिरी."

"आळशीगिरी! अगं, त्या एका डोळ्यावर अख्खं शहर झोपायचं नाही!"

मी दोघांनाही डोळ्यांनी खुणावत होते. पण फेर्मिन तापला की त्याला कोणी दिसत नाही, आणि नायेलीला काहीच माहीत नव्हतं. दॉन एवोदियोंनी हात पुढे करून माझ्याकडून अंक मागून घेतला. सावकाश पानं उलटली. मग अंक मांडीवर आपटून म्हणाले, "हा शिंपी नाहीच! याला कोण घाबरेल? डोळा कुठे गेला? तो डोळा काढून टाकायचा त्यांना काय अधिकार?"

नायेलीने त्यांच्याकडे बघितलं, आणि तिला कळलं. पोरीचा चेहरा लालबुंद झाला. पण तिच्यापेक्षाही दॉन एवोदियो जास्त शरमले होते. त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला तो कलंडला. तो पुसायला वाकले, आणि मग उठून चालायलाच लागले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेले. ते पलंगाच्या कडेवर बसून होते.

"कुका, सगळा जन्म मी देवाकडे मागत होतो की तो चेहरा त्या कागदावरून जाऊ दे," ते म्हणाले. "गेला. आणि मला काय वाटलं सांगू? कामावरून काढून टाकल्यासारखं वाटलं. वाटलं, आपल्यापेक्षा तो पोरगा त्यांना बरा वाटला. असल्या गोष्टीचासुद्धा मला गर्व होता, बघ. मला ठाऊकच नव्हतं."

मी त्यांचा पलंगपोस सारखा केला आणि घरी आले.

गोष्ट तिथेच थांबती तर बरं झालं असतं. पण फेर्मिनच्या तोंडात तीळ भिजत नाही. प्रकाशनवाल्यांनी वस्तीच्या सांस्कृतिक भवनात 'जुना शिंपी की नवा?' अशी जाहीर चर्चा ठेवली होती. फेर्मिनने तिथे जाऊन सांगून टाकलं की खरा शिंपी अजून जिवंत आहे आणि इथेच राहतो. दोन दिवसांत एक चुणचुणीत तरुण निमंत्रण घेऊन आला. दॉन एवोदियो हो म्हणाले. मला ते कळलं तेव्हा मी आम्पारोला फोन केला. ती शाळेतून रजा टाकून आली.

"पापा, तुम्ही जायचं नाही. पुन्हा तुमचा तमाशा करतील ते."

"तुला लाज वाटते का?"

हा प्रश्न त्यांनी तिला त्याआधी कधी विचारला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "आता नाही वाटत."

"मग ये तू पण. पुढे बस."

ते तपकिरी सूट घालून गेले. लेओकादियाच्या अंत्यविधीनंतर तो सूट बाहेर निघालाच नव्हता. भवन गच्च भरलं होतं, आमची सगळी वस्ती लोटली होती. मंचावर तो चुणचुणीत तरुण, स्यान्या रोब्लेदो आणि हे. जुन्या अंकातलं चित्र मागच्या पडद्यावर भिंतीएवढं करून लावलेलं आणि त्याच्या बरोबर खाली यांची खुर्ची. लोकांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि टाळ्यांचा कडकडाट केला. दॉन एवोदियो उठून थोडे वाकले. खोटं कशाला सांगू, ते खुशीत होते.

चर्चा कसली, तो चुणचुणीत पोरगा दर दोन वाक्यांनी त्यांच्याकडेच वळत होता. शेवटी म्हणाला, "दॉन एवोदियो, एकदा, फक्त एकदाच, आमच्यासाठी शिंप्याचं ते हसू होऊन जाऊ दे!"

लोकांनी ताल धरला, "शिंपी! शिंपी!" आम्पारो माझ्या शेजारी बसली होती. तिने माझं मनगट आवळलं. दॉन एवोदियोंनी मान पुढे काढली, तो डोळा लोकांवर रोखला, तोंड आणखी ओढलं आणि हसले. खरंच अंगावर काटा आला.

पुढच्या रांगेत आईच्या मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी होती. तिने किंकाळी फोडली. ते रडणं लाडाचं नव्हतं. ती आईच्या अंगात शिरू बघत होती, तिचा श्वास अडकत होता. सभागृह आधी हसलं. "बघा! अजून चालतं!" फेर्मिन मागून ओरडला. मग मूल थांबेना तेव्हा हसू विरलं.

दॉन एवोदियोंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "नाही बाळा, नाही," असं काहीसं म्हणत ते मंचावरून उतरायला लागले, त्या पोरीला समजवायला. पण जवळ जाणार कसे? जवळ गेले की ती आणखी किंचाळायची. पायरीवर एक पाय खाली आणि एक पाय वर, असे ते अडकले. आई मुलीला उचलून बाहेर गेली. आम्पारो उठली, बापाचा हात धरला आणि भर सभेतून त्यांना घेऊन दाराबाहेर पडली. ती ताठ मानेने सगळ्यांच्या डोळ्यांत बघत चालत होती. एकेकाची नजर आपोआप खाली जात होती. माझीही गेली.

पुढे काही दिवस ते बाकड्यावर आले नाहीत. आम्पारो त्यांच्यापाशीच राहिली. एका रविवारी स्यान्या रोब्लेदो ठेल्यावर येऊन पत्ता विचारायला लागली. मीही तिच्यासोबत गेले, म्हटलं पुन्हा काही भलतंच व्हायला नको. तिने येताना संत्री आणली होती. दारातच म्हणाली, "मी माफी मागायला आलेय. तेव्हाच उठून ते थांबवायला हवं होतं मी. मी बसून राहिले."

"बसा," दॉन एवोदियो म्हणाले. "तुम्ही काय केलंत? हसलो मी."

आम्पारोने कॉफी ठेवली. मग स्यान्या सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "विचारू का एक? तुमच्या चेहऱ्याला झालं काय होतं?"

मी कपात बघायला लागले. मला वाटलं, आता हे उठून जातील. पण ते विचारात पडले. जसं काही उत्तर कुठे ठेवलंय ते शोधत होते.

"तोंडावरून वारं गेलं," ते म्हणाले. "एकोणीस वर्षांचा होतो. भट्टीसमोर रात्र काढून पहाटे तसाच घामाघूम बाहेर पडलो, दूध आणायला. डिसेंबर होता. दुपारी झोपून उठलो तर अर्धं तोंड माझं नव्हतंच. पाणी प्यायला गेलो की अंगावर सांडायचं. आईने मोहरीचं पोटीस बांधलं, एका बाईने अंडं उतरवलं. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. थोडं आलं, बाकीचं राहिलं." मग त्यांनी बोटाने गाल वर ढकलून दाखवला. "आधी असं होतं. बरा दिसायचो मी. माझा जुना फोटो बघून लेओला प्रश्न पडला होता, हा कोण म्हणून."

आम्पारो स्वयंपाकघराच्या दारात फडकं हातात घेऊन उभी होती. "मला हे माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"तू कधी विचारलं नाहीस."

त्यांच्या आवाजात बोचरेपणा नव्हता. पण त्या खोलीत आम्ही दोघी त्यांना जन्मभर बघत आलेल्या होतो, आणि विचारलं ते तासाभरापूर्वी आलेल्या पोरीने. संपूर्ण ओब्रेरात कोणीच कधी विचारलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, आम्हाला माहीतच आहे. तो शिंप्याचा चेहरा आहे, त्यात आणखी विचारायचं काय?

"माझा शिंपी तुम्हाला आवडला नाही म्हणे," स्यान्या म्हणाली. "फेर्मिनकाका सांगत होते."

"तुमच्या त्याला मी घाबरत नाही," दॉन एवोदियो म्हणाले. "माझ्या त्याला सगळे घाबरायचे. त्या बाबतीत जुना तो जुनाच. पण तुमच्या पोराची मला दया येते हो. तो आईला हाका मारतो ना, ते पान मी दोनदा बघितलं. जुन्याची दया कोणालाच आली नाही. मलासुद्धा."

तिने विचारलं, तुमचा हाच चेहरा मी मालिकेत काढू का, एखाद्या भल्या माणसाचा म्हणून, बेकरीवाल्याचा? त्यांनी जरा विचार केला आणि मान हलवली. "नको. आता पुरे. मेल्यावर काढा हवं तर." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसले आणि संत्रं सोलून तिच्यापुढे ठेवलं.

त्यानंतर महिन्याभरात आम्पारोने त्यांना तोलुकाला नेलं. खोलीतलं सामान टॅक्सीत मावलं. फेर्मिन निरोप द्यायला आला होता, पण कोपऱ्यावरच घुटमळत राहिला. शेवटी दॉन एवोदियोंनीच त्याला हाक मारून मिठी मारली.

मी अधूनमधून फोन करते. तोलुकात थंडी फार, असं म्हणतात. तिथल्या पावाला चव नाही, असंही म्हणतात. मागच्या वेळी सांगत होते, की खालच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईने त्यांना जिन्यात थांबवून विचारलं, "अहो, तुमच्या तोंडाला काय हो झालं?"

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं सगळं. अर्धा तास उभे होतो जिन्यात. तिच्या दिरालाही झालं होतं म्हणे, तसंच." मग म्हणाले, "ती चित्रकथा वाचत नाही, कुका. मी विचारून घेतलं."